नळी विसळणं

मागच्या पावसाळ्यात एका संस्थेनं माझ्याकडं चार पानांचं माहितीपत्रक भाषांतराला पाठवलं. हाताला कॅन्युला तशीच ठेवून ज्यांना घरी सोडतात आणि रोज इंजेक्शनाला बोलावतात, अशा रुग्णांसाठी ते होतं. इंग्रजीतून मराठीत आणि हिंदीत करायचं होतं. कवितांच्या भाषांतरावर घर चालत नाही, म्हणून अशी कामं मी घेते, आणि ती सोपी असतात असा माझा समज होता. दुसऱ्याच पानावर अडले. प्रत्येक औषधाच्या आधी आणि नंतर लाइन ‘फ्लश’ करतात, असं तिथं होतं. मी लिहिलं, ‘नळी फ्लश केली जाते.’ माझ्या मराठीची पहिली वाचक माझी आई. तिनं चष्मा वर करून विचारलं, “हे दवाखान्याचं आहे की संडासाचं?”

विचारण्याचा अधिकार तिला होता. दोनच आठवड्यांपूर्वी ती रुग्णालयातून घरी आली होती. पायाला जंतुसंसर्ग झाला होता आणि नऊ दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं होतं. आम्ही जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहतो. आई मूळची नागपूरची. तिच्या माहेरी ‘सलाईन लावतात’. इथल्या मराठी घरांमध्ये हिंदीच्या शेजारामुळं ‘बॉटल चढवतात’. लावलेली असो की चढवलेली, चौथ्या रात्री तिचा डावा हात जळजळू लागला. औषध संपल्यावर नळी काढून तोंडाला टोपण लावलं गेलं होतं, एवढंच मी पाहिलं होतं. ती म्हणाली, “हात जळतोय गं.” मी म्हणाले, “सकाळपर्यंत सहन कर, आता कुणाला उठवायचं?” सकाळी सुईच्या जागेपासून कोपराकडं एक लाल रेघ गेली होती आणि शीर सुतळीसारखी टणक लागत होती.

सकाळच्या सिस्टर वयानं मोठ्या होत्या. त्यांनी ती कॅन्युला काढली, उजव्या हातात दुसरी घातली आणि पुढचे पाच दिवस प्रत्येक औषधाच्या आधी व नंतर एका सिरिंजमधून स्वच्छ पाणी आत सोडत राहिल्या. थोडं सोडायचं, थांबायचं, परत थोडं. मी विचारलं, यात कोणतं औषध आहे? त्या म्हणाल्या, “कुछ नहीं, नमक का पानी है.” मग स्वतःहूनच पुढं म्हणाल्या, “पहले हेपरिन डालते थे. अब नहीं डालते.”

आधी घालत होते ते का, आणि आता का नाही, हे मला कळेना. भाषांतर बाजूला ठेवून मी त्याच्या मागं लागले. वाचत गेले तशी ही गोष्ट हेपरिनच्याही मागं, कॉलऱ्यापर्यंत गेली, आणि कॉलऱ्याची वाट आमच्याच मुलखातून जात होती.

१८१७ च्या नोव्हेंबरात लॉर्ड हेस्टिंग्जची फौज पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर बुंदेलखंडात तळ देऊन होती. तिथं कॉलरा शिरला आणि सैनिक, नोकर, मागून चालणारा बाजार असे हजारो लोक काही दिवसांत गेले. त्याच डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांकडून जबलपूर इंग्रजांकडं गेलं. साथ पुढच्या वर्षी मध्य भारतातून नागपूर, पुणे करत ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईला पोचली. पुढं जबलपुरात अधिकारी असलेल्या विल्यम स्लीमननं आपल्या प्रवासवर्णनात या साथीची लोकांनी सांगितलेली हकीकत दिली आहे. नोव्हेंबर १८३५ मध्ये जबलपूरहून निघून केलेल्या प्रवासाचं हे पुस्तक १८४४ मध्ये लंडनला छापलं गेलं. ओरछ्याच्या हरदौल लालाच्या अस्थी ज्या राईत आहेत तिथं फौजेनं गाई मारल्या, म्हणून त्याचा कोप झाला, असं लोक सांगत. गावोगाव हरदौलचे ओटे झाले. बुंदेलखंडात आजही लग्नाचं पहिलं निमंत्रण हरदौलला जातं, पण त्याची एकेकाळची कॉलऱ्याशी असलेली सोयरीक फार थोड्यांना आठवते.

या रोगाला मराठीत पटकी म्हणत, जरीमरी म्हणत. त्याआधीचा एक शब्द आहे, मोडशी. आज मोडशी म्हणजे साधं अपचन. सोळाव्या शतकातल्या गोव्यात पोर्तुगिजांनी तो याच झटक्याच्या रोगासाठी ऐकला. गार्सिया द ओर्तानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं आहे. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचा ‘मोर्देशीं’ झाला आणि फ्रेंचांनी त्यातून ‘मॉर द शियँ’ ऐकलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. कानानं केलेलं हे भाषांतर साफ चुकीचं होतं, तरी युरोपात ते बराच काळ टिकलं. रोग काय करतो हे मात्र मराठी शब्दानंच बरोबर धरलं होतं. माणूस आतून मोडतो.

तो का मोडतो हे कळायला १८३१ साल उजाडलं. साथ इंग्लंडात संडरलँड बंदरात उतरली होती. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर तिथं गेला, त्यानं रुग्णांचं रक्त तपासलं आणि डिसेंबर १८३१ ते जानेवारी १८३२ या काळात ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते जुलाबात सापडतात. म्हणजे गेलेलं मिठाचं पाणी शिरेतून परत द्यायला हवं. ते प्रत्यक्ष दिलं एडिंबराजवळच्या लीथ बंदरातल्या थॉमस लाटानं, मे १८३२ मध्ये. त्याची पहिली रुग्ण एक म्हातारी होती, इतर सगळे उपाय हरलेली. लाटानं तिच्या दंडाच्या शिरेत नळी घालून सुमारे अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून जास्त द्रव सोडला. बसलेले डोळे वर आले, नाडी लागली, ती बोलू लागली. लाटा तिला रुग्णालयातल्या डॉक्टरवर सोपवून विश्रांतीला गेला. उलट्या-जुलाब परत सुरू झाले, द्रव परत कुणी दिला नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली.

ही म्हातारी वैद्यकाच्या इतिहासात सगळीकडं भेटते. लाटाच्या त्याच पत्रात शेवटाकडं काही व्यवहाराच्या सूचना आहेत, त्यांच्याकडं मात्र फारसं कुणी बघत नाही. सिरिंज निर्दोष हवी, नाहीतर हवा आत जाईल. एकाच छिद्रातून दोनदा द्रव सोडू नये. शिरेला फार हळुवारपणं हाताळावं, म्हणजे तिचा दाह होणार नाही. जखमेवर लक्ष ठेवावं. जंतू हा शब्द वैद्यकात यायला अजून अर्धं शतक होतं, प्लॅस्टिक तर कुणी पाहिलंही नव्हतं. तरीही शिरेतून पाणी देणाऱ्या पहिल्याच माणसाला शिरेच्या दाहाची धास्ती होती. त्याच्याकडं एक चांदीची बारीक नळी होती, आणि दाह टाळायचा त्याचा उपाय हाच, की ती नळी एकदाच वापरायची. शीर उघडी ठेवायची हा विचार त्याला करता येण्यासारखा नव्हता. म्हातारी गेली ती याच फटीतून. पहिल्या वेळचं पाणी पोचलं, दुसऱ्या वेळची वाट उरली नाही.

लाटा पुढच्याच वर्षी वारला आणि त्याची पद्धत मागं पडली. रुग्ण मरणाच्या दारात असताना ती वापरली जाई, पाणी निर्जंतुक नसे, प्रमाण चुके. ओशॉनेसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, म्हणजे कॉलऱ्याच्या घरीच आला. पण हिंदुस्थानात त्याचं नाव झालं ते भांगेच्या औषधी उपयोगावरच्या निबंधानं आणि नंतर तारयंत्रानं. १८५० च्या दशकात कलकत्त्यापासून आग्रा, मुंबई, मद्रासपर्यंत तारा त्याच्या देखरेखीखाली टाकल्या गेल्या. गंमत वाटते ती ही, की त्या कामातही खांबांवरची लाइन चालू ठेवणं ही मोठी कटकट होती. वारा, वीज, माकडं, चोर. मात्र शिरेतली लाइन त्यानं परत हातात घेतली नाही.

ती हिंदुस्थानात परत आणली लिओनार्ड रॉजर्सनं, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. नेहमीपेक्षा जास्त खारट पाणी, रक्ताची घनता मोजून ठरवलेलं प्रमाण, आणि त्वचा कापून शिरेत बांधलेली चांदीची नळी. त्याच्या वॉर्डात कॉलऱ्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण कापून बांधलेली शीर कायमची गेलेली असे. पुढं पोलादी सुई आली. साठीपलीकडच्या वाचकांना ती आठवत असेल. सुई हलू नये म्हणून हात लाकडी फळीला बँडेजनं बांधून ठेवत, आणि रात्री झोपेत कूस बदलली की सुई शिरेच्या भिंतीतून आरपार जाऊन हात टम्म सुजे. आई सांगते, माझ्या जन्माच्या वेळची फळी तिला बाळंतकळांपेक्षा जास्त लक्षात आहे.

१९५० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवली. सुई शिरेत न्यायची, मग सुई काढून घ्यायची आणि मऊ नळी आत राहू द्यायची. आज आपण जिला कॅन्युला म्हणतो तिची ही आई. फळी गेली, माणूस कूस बदलू लागला, उठून न्हाणीघरात जाऊ लागला. १९७० च्या दशकात आणखी एक पाऊल पडलं. दिवसातून तीनदाच औषध द्यायचं असेल तर चोवीस तास बाटली कशाला टांगायची? नळीला टोपण लावा, औषधाच्या वेळी उघडा. लाटाला जे करता आलं नव्हतं ते आता झालं. शीर दिवसचे दिवस उघडी राहू लागली.

आणि तिथंच नवी अडचण आली. वाहतं पाणी थांबलं की ते तुंबतं, हे भांडी घासणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. नळी बंद करताना तिच्या टोकात थोडं रक्त मागं येतं. रक्त थांबलं की गोठतं. दुसरीकडून, औषधाचा शेवटचा थेंब नळीत रेंगाळतो. काही औषधं एकमेकांना भेटली की दुधात लिंबू पडावं तशी फाटतात, त्यांचा साका बसतो. काही इतकी जहाल, की शिरेच्या आतल्या अस्तराला थोडा वेळ चिकटून राहिली तरी ते पोळतं. शिवाय नळी आत हलत राहून घासते आणि त्वचेवरचे जंतू तिच्या बाजूनं आत सरकतात. शिरेचा दाह असा तीन वाटांनी येतो, घासल्यानं, औषधानं आणि जंतूंनी.

गोठण्यावरचा उपाय उघड होता, रक्त गोठू न देणारं औषध. ते होतं हेपरिन. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी विल्यम हॉवेलच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारं द्रव्य शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याला नेमकं उलट द्रव्य मिळालं. हॉवेलनं १९१८ मध्ये त्याला ‘हेपार’ या यकृताच्या ग्रीक नावावरून हेपरिन म्हटलं. हेपार आणि आपलं यकृत हे एकाच मुळाचे शब्द आहेत. हजारो मैल आणि हजारो वर्षं दूर गेलेल्या या चुलतभावांपैकी एक आईच्या रिपोर्टात होता आणि दुसरा सिस्टरच्या आठवणीत, हे मला त्या खोलीत कळलं असतं तर बरं वाटलं असतं. १९३० च्या दशकात टोरांटो आणि स्टॉकहोममध्ये हेपरिन माणसाला देण्याइतकं शुद्ध झालं. आज ते बहुतेक करून डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. ज्या घरात हे खाण्याच्या ताटात चालणार नाही त्या घरातल्या माणसाच्याही शिरेत ते गेलेलं असतं, आणि ते कशातून आलं हे सहसा कुणी सांगत नाही.

टोपण लावण्याआधी नळीत थोडं पातळ हेपरिन भरून ठेवायचं, ही रीत वॉर्डावॉर्डांत रुळली. तिचं नावच ‘हेपरिन लॉक’ पडलं. तर्क इतका सरळ होता, की त्याची परीक्षा घ्यावी असं वाटू नये. गोठतं, मग न गोठवणारं घाला.

पण रोज हे काम करणाऱ्या परिचारिकांच्या लक्षात दुसरं काही येत होतं. हेपरिन भरण्याआधी त्या नळीतून मिठाचं पाणी सोडत, औषध धुऊन निघावं म्हणून. मग नळी उघडी राहते ती नंतरच्या हेपरिननं, की आधीच्या धुण्यानं? १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत हे तपासलं गेलं. काही रुग्णांना हेपरिन, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाची नळी किती टिकते, कुणाच्या शिरेचा दाह होतो याच्या नोंदी. अभ्यास लहान लहान होते. कॉलीन गूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते एकत्र करून १९९१ मध्ये ‘नर्सिंग रिसर्च’ या नियतकालिकात आढावा छापला. हाताच्या नळीसाठी नुसतं मिठाचं पाणी हेपरिनइतकंच चांगलं होतं, नळी उघडी राहण्याच्या बाबतीत आणि शिरेच्या दाहाच्याही बाबतीत. हेपरिन बंद केल्यानं एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा ते वीस कोटी डॉलर वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. १९९८ मध्ये अ‍ॅड्रिएन रँडॉल्फ यांच्या चमूनं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पुन्हा सगळे प्रयोग तपासले. हाताच्या शिरेतल्या नळीसाठी तेच उत्तर आलं. रोहिणीतल्या नळीची गोष्ट वेगळी निघाली, तिथं हेपरिनचा उपयोग दिसला. छातीतल्या मोठ्या नळ्यांचे नियमही निराळे आहेत, म्हणून हे उत्तर सरसकट लावायचं नसतं.

प्रश्न पैशांपुरता नव्हता. थोड्याशा हेपरिननंही काही जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट कोसळतात. शिवाय चूक झाली तर ती प्राणावर येते. २००६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात नळी धुण्यासाठीच्या दहा युनिटांच्या कुप्यांच्या जागी दहा हजार युनिटांच्या कुप्या आल्या. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. अपुऱ्या दिवसांची तीन बाळं गेली. नळी धुवायला मिठाचं पाणी पुरत होतं, हे तोवर पंधरा वर्षं छापून पडलेलं होतं.

रीत बदलायला वेळ लागतो हे भाषांतर करणारीला नव्यानं सांगायला नको. आम्हीही एकदा रूढ झालेला चुकीचा शब्द पिढ्यानपिढ्या पुढं ढकलतो. मला यातलं जास्त लक्षात राहिलं ते हे, की प्रश्न कुणी विचारला. शिरेत काय घालायचं याचा इतिहास डॉक्टरांच्या आणि रसायनशास्त्रज्ञांच्या नावांनी भरलेला आहे. वाट उघडी कशी ठेवायची याचा इतिहास बराचसा परिचारिकांनी लिहिला, आणि त्यांचं उत्तर कोणत्याही नव्या औषधाचं नव्हतं. वेळेवर, थोडं थोडं, थांबत थांबत सोडलेलं मिठाचं पाणी. थांबत सोडायचं कारण असं, की एकसारख्या धारेपेक्षा धक्क्याधक्क्यानं सोडलेलं पाणी नळीच्या कडा जास्त चांगल्या खरवडतं, तांब्या विसळताना आपण पाणी हिसळतो तसं. शेवटचा थेंब आत जात असतानाच चिमटा लावायचा, म्हणजे रक्त मागं येत नाही. सिरिंज दहा मिलिलिटरची घ्यायची, कारण लहान सिरिंजचा जोर जास्त असतो. आणि पाणी जाईना तर जबरदस्ती करायची नाही. अडलं आहे म्हणजे आत काहीतरी बिनसलं आहे. लाटा म्हणाला होता तेच, हळुवारपणं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये क्लेअर रिकर्ड या परिचर्येच्या प्राध्यापिकेनं आणखी एक रीत तपासली. दर तिसऱ्या दिवशी नळी बदलायची, म्हणजे दाह होणार नाही, असा नियम होता. ३,२८३ रुग्णांच्या या प्रयोगात निम्म्यांची नळी नियमानं बदलली, उरलेल्यांची गरज पडली तरच. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. दाह दोन्हीकडं सारखाच, ७ टक्के. म्हणजे ठरावीक तारखेला टोचण्यानं काही वाचत नव्हतं. बघत राहणं मात्र सुटत नाही. नळी हवी तोवर ठेवायची, लक्षणं दिसली की काढायची, आणि काम संपलं की लगेच काढायची, उद्यासाठी म्हणून ठेवायची नाही.

आपल्याकडं हे शेवटचं सगळ्यात अवघड. गावोगाव ‘एक सलाईन लावा डॉक्टर, अंगात ताकद नाही’ असं म्हणणारी माणसं आहेत आणि लावणारेही आहेत. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरी. दोन केळी खाल्ली तरी याहून जास्त मिळतं, आणि केळ्यानं शीर सुजत नाही. जे पाणी तोंडानं जाऊ शकतं ते शिरेतून का द्यावं, या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत मिळालं. कॉलरा पसरला होता, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी ड्रमात भरून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. ओशॉनेसीनं सांगितलेलंच पाणी होतं, पण त्याला नळी लागली नाही. बुंदेलखंडात हरदौलच्या ओट्यावर नवस बोलणाऱ्या आयांच्या घरात हे सगळं सामान चुलीजवळच होतं, ही गोष्ट मनातून जात नाही.

परत माहितीपत्रकाकडं. फ्लशला शब्द शोधताना ‘प्रक्षालन’ आठवला, तो देवघरातला. ‘धुणं’ चाललं असतं, पण धुतात ते बाहेरून. आईच म्हणाली, “अगं, विसळतात ना ती? पेला विसळतो तशी.” विसळणं. आत थोडं पाणी घालून, हलवून, चिकटलेलं काढून टाकणं. शब्द स्वयंपाकघरात होता म्हणून मला दवाखान्यात दिसला नव्हता. मी लिहिलं, ‘औषधाच्या आधी आणि नंतर नळी मिठाच्या स्वच्छ पाण्यानं विसळतात. विसळली नाही असं वाटलं, तर विचारा.’ दुसरं वाक्य मुळात नव्हतं. संस्थेला कळवून, त्यांच्या डॉक्टरांना विचारून घातलं.

शेवटच्या पानावर दाहाची लक्षणं होती. रॉदरहॅमच्या अँड्र्यू जॅक्सन या परिचारकानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस शून्य ते पाच अशी एक मोजपट्टी तयार केली, ती अनेक देशांतल्या वॉर्डांत वापरतात. शून्य म्हणजे शीर निरोगी. पाच म्हणजे दाह पार पुढं गेलेला. एकच्या घरात काय आहे ते वाचताना मी थांबले. सुईच्या जागेपाशी थोडंसं दुखणं, किंवा थोडीशी लाली. दोन्ही हवीत असं नाही, एक पुरे. म्हणजे पहिली खूण डोळ्यांना दिसायचीही गरज नसते, रुग्णानं सांगितलेलं मोजमापात धरलेलं आहे. आईनं चौथ्या रात्री एक अंक सांगितला होता आणि मी तिला सकाळपर्यंत सहन कर म्हटलं होतं. रात्रपाळीचं चुकलं असेल, नसेल. जागी होते ती मी होते.

तिथं माझा मसुदा असा होता, ‘वेदना जाणवल्यास परिचारिकेच्या निदर्शनास आणावे.’ आईनं तो वाचला आणि काही न बोलता परत माझ्याकडं सरकवला. मी बदलला. आता छापलेल्या पत्रकात आहे ते असं, ‘हात दुखला किंवा जळजळला, तर लगेच सांगा. रात्र असली तरी उठवा.’